पगार : एका क्रियापदाचे स्थलांतर



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ‘ऋणी आहे’ हे शब्द सभेच्या आरंभी आपण सगळेच सवयीने उच्चारतो. आज मात्र ते जरा जपून वापरायला हवेत, कारण माझा विषय त्यांच्याच घरातला आहे. पैसे देण्याघेण्याचे आपले शब्द कोठून आले, त्यांच्या पोटात काय दडले आहे आणि त्यांनी या डिचोली-साखळी परिसरातील माणसामाणसांमधील नाती कशी नोंदवून ठेवली आहेत, याविषयी मला बोलायचे आहे. व्युत्पत्ती सांगणारा वक्ता समोर उभा राहिला की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून सुरुवात अशा शब्दापासून करतो, की ज्याची वाट महिनाभर सर्वच पाहतात : पगार.

इंग्रजीत ‘पे’ म्हणून एक छोटे क्रियापद आहे. व्यापारातले अगदी रोजचे. पण त्याचा संचार पाहावा. इंग्रज माणूस बिल ‘पे’ करतो, कर ‘पे’ करतो, कर्जही ‘पे’ करतो. तो लक्षही ‘पे’ करतो, एखाद्याकडे जाऊन भेटही ‘पे’ करतो, मृताला आदरही ‘पे’ करतो. धंदा फायद्यात चालला तर तो धंदाच ‘पे’ करतो. केलेल्या अपराधाचे फळ भोगावे लागले तरी ‘पे’, आणि सूड उगवून वचपा काढला तरी ‘पे’च. याच ठिकाणी मराठी माणूस लक्ष देतो, भेट देतो, आदरांजली वाहतो. धंदा त्याला परवडतो, अपराध तो भोगतो आणि वचपा काढतो. एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याला अर्धा डझन शब्द लागतात, हे मराठीचे दारिद्र्य नव्हे आणि फार मोठे वैभवही नव्हे. दोन भाषांनी एकच व्यवहार वेगवेगळ्या बाजूंनी पाहिला, एवढाच त्याचा अर्थ.

‘पे’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता. त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, समजूत घालणे. दाराशी येऊन बसलेल्या धनकोला शांत करायचे, तर त्याचे देणे दिले पाहिजे. म्हणून शांत करणे याचाच अर्थ पुढे पैसे देणे असा झाला. या लॅटिन क्रियापदाची फ्रेंच लेक ‘पेये’, तिच्याकडून इंग्रजीला ‘पे’ मिळाले. आणि तिचीच पोर्तुगीज बहीण ‘पगार’. म्हणजे ज्याला आपण नाम समजतो, तो ‘पगार’ आपल्या जन्मघरी क्रियापद होता. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे ‘पैसे देणे’, चुकते करणे. विंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाने ‘पे’ म्हटले काय आणि त्याच्या आजोबांनी ‘पगार’ म्हटले काय, दोघेही एकाच आजीचे नाव घेत होते.

हा शब्द आपल्याकडे आला कसा? अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ पासून चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या विजयापर्यंत होती. चौल, दमण, दीव ही त्यांचीच ठाणी. मुंबईही इंग्रजांच्या हाती प्रत्यक्ष गेली ती १६६५ मध्ये. तोवर तेथेही पोर्तुगीजच होते. आता ‘पगार’ शब्द कोठे बोलला जातो ते पाहा. मराठीत, कोकणीत, गुजरातीत आणि उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये. उत्तर हिंदुस्थानात तनख्वाह किंवा वेतन म्हणतात. तेथील माणूस मुंबईस आला की मगच त्याला पगार मिळू लागतो. शब्दाच्या प्रसाराचा नकाशा काढला तर तो जवळजवळ पोर्तुगीज बंदरांच्या पाठीमागील मुलखाचा नकाशा होतो. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात, मुंबईच्या घरगुती बोलीत पगार म्हणजे वेतन आणि हे पोर्तुगीज क्रियापद येथे नामासारखे वापरले जाते, अशी नोंद आहे. या सर्व शब्दांचा पद्धतशीर शोध घेतला तो आपल्याच गोव्याच्या एका सुपुत्राने. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद हे बार्देशातील आसगावचे, जन्म १८५५ चा. आशियातील सुमारे पन्नास भाषांवर पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा जो प्रभाव पडला, त्यावरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये कोइंब्रा येथे प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. मराठीच्या प्राध्यापकांनी हा ग्रंथ जितका हाताळायला हवा होता तितका हाताळला नाही, असे माझे मत आहे. आपण फारसी ऋणाचा हिशेब चोख ठेवला. पोर्तुगीज ऋणाचा मात्र बटाटा, पाव आणि चावी यांपलीकडे फारसा केला नाही.

एक प्रश्न मात्र उरतो. पोर्तुगीज भाषेत मोबदल्यासाठी ‘पागा’, ‘सालारिउ’, ‘सोल्दु’ अशी नामे असताना आपल्या लोकांनी क्रियापद का उचलले? मला याचे कारण बंदरांच्या मोडक्यातोडक्या बोलीत दिसते. दोन परक्या माणसांना व्यवहारापुरती भाषा लागते, तेव्हा काळ, पुरुष, वचन गळून पडतात आणि क्रियापदाचे मूळ रूप तेवढे शिल्लक राहते. खलाशी, हमाल, शिपाई, स्वयंपाकी यांच्या कानावर साहेबाच्या बोलण्यातून ‘पगार’ हेच रूप पडत असणार. शिवाय मराठी कानाला ते परके वाटण्याचे कारणही नव्हते. आधार, व्यापार, शेजार या ओळीत पगार सहज बसला आणि पुल्लिंगी झाला. देणे, घेणे, येणे ही आपली क्रियापदेही नामे म्हणून वावरतातच. त्यामुळे ‘देणाऱ्याची क्रिया’ होती ती ‘घेणाऱ्याची वस्तू’ झाली. पोर्तुगीज मालक ‘पगार’ करीत असे. आमच्या माणसाला तो ‘मिळू’ लागला, त्याचा तो ‘झाला’. या छोट्याशा व्याकरणिक बदलाकडे मी पुन्हा येणार आहे.

पोर्तुगीज येण्यापूर्वी आपण काय म्हणत होतो? मराठेशाहीच्या दप्तरात मुशाहिरा, दरमहा, रोजमुरा, तैनात, तनखा असे शब्द पानोपानी येतात. मुशाहिरा आणि दरमहा यांत महिना आहे, रोजमुऱ्यात दिवस आहे. हे शब्द काळाचे माप सांगतात. तनखा या फारसी शब्दात ‘तन’ म्हणजे शरीर आहे. शरीराला जे हवे ते तनखा. संस्कृतात वेतन आहे. पाणिनीने वेतनावर जगणाऱ्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे, ‘वैतनिक’ शब्द त्याचाच. पण त्याहून मला ‘भृति’ हा शब्द बोलका वाटतो. ‘भृ’ म्हणजे धारण करणे, पोसणे. ज्याला पोसायचे तो भृत्य, आणि पोसण्यासाठी जे द्यायचे ती भृति. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाची यादी आहे. आचार्य, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० पण आणि तळाच्या सेवकाला ६० पण. त्या प्रकरणाचे नाव आहे ‘भृत्यभरणीय’. नोकर म्हणजे ज्याचे भरणपोषण करायचे तो, ही कल्पना नावातच आहे.

ती कल्पना आपल्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. खाल्ल्या मिठाला जागणे, कोणाच्या अन्नावर वाढणे, नमकहराम होणे हे सारे त्याच घरचे. इंग्रजी ‘सॅलरी’ शब्दातही मीठ आहे असे सांगतात. शब्दाचे नाते लॅटिनमधील मिठाशी आहे हे खरे. रोमन शिपायांना पगारात मिठाचे खडे मिळत, ही कथा मात्र पुराव्याने सिद्ध झालेली नाही. पण ‘सोल्जर’ या शब्दात नाणे आहे हे निश्चित. रोमनांच्या ‘सोलिदुस’ या सोन्याच्या नाण्यावरून तो आला. नाणे घेऊन लढणारा तो सोल्जर. असो, हे थोडे विषयांतर झाले.

आता आपल्या क्रियापदांकडे येऊ. ‘पे’ला मराठीत काय म्हणावे, असे शाळेत विचारले तर मूल ‘देणे’ म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण देणे या शब्दाची गंमत अशी, की क्रिया आणि कर्ज दोन्ही त्यातच आहेत. ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो.’ ऋणी असणे यासाठी आपल्याकडे वेगळे क्रियापद नाही; जे अजून दिलेले नाही तेच ‘देणे’. आणि ते ‘लागते’, जसा काटा लागतो, ठेच लागते, तहान लागते.

दुसरे क्रियापद भरणे. कर, पट्टी, फी, हप्ता, दंड हे आपण देत नाही, भरतो. सरकारला आणि सावकाराला भरायचे, शेजाऱ्याला द्यायचे, हा भेद मराठी माणूस कधी चुकत नाही. माझा तर्क असा, की याच्या मुळाशी धान्याचे माप आहे. सारा आणि खंड धान्यात द्यायचा, तेव्हा कुडव काठोकाठ भरावा लागे; आपल्याकडे वीस कुडवांची खंडी. माप भरले की देणे भरले. आणि गंमत पाहा, ‘भरणे’ आणि ‘भृत्य’ हे दोन्ही एकाच धातूचे. वरचा खालच्याचे भरण करतो आणि खालचा वरच्याकडे भरणा करतो. जुन्या पावतीच्या अखेरीस ‘भरून पावलो’ असे लिहीत. म्हणजे पूर्ण रक्कम पोचली, आता मागणे काही नाही. आज तोच वाक्प्रयोग आपण कृतकृत्यतेसाठी, आणि बहुधा उपरोधाने, वापरतो : ‘तुमचे उपकार, भरून पावलो!’ पावतीही ‘पावणे’तूनच आली. देवही पावतो आणि पैसेही पावतात. मराठीने दोघांना एकच क्रियापद दिले आहे.

तिसरे क्रियापद मला सर्वांत समृद्ध वाटते : फेडणे. संस्कृतातील ‘स्फेट्’पासून ते आले असे मानतात. मूळ अर्थ काढून टाकणे, सोडविणे. वस्त्र फेडतात, गाठ फेडतात. आणि त्याच हाताने कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. डोळ्यांचे पारणे फिटते, हौस फिटते, संशय फिटतो. मराठी मनाला कर्ज ही अंगाला बांधलेली, गुंडाळलेली गोष्ट वाटते; ती सोडून ठेवायची असते. तैत्तिरीय संहितेत माणूस देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे म्हटले आहे. त्यांतील एकही रोखीत फिटत नाही. वाळवंटीच्या तीरावर विठ्ठलापूरच्या विठ्ठलासमोर नवस फेडायला आलेली माणसे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांपैकी कोणी ‘मी विठ्ठलाचे बिल दिले’ असे म्हणणार नाही. रक्कम तीच असेल, नारळही बाजारातलाच असेल. पण फेडणे आणि देणे यांत जे अंतर आहे ते सर्वांना कळते.

चुकते करणे हे आणखी एक. ‘चुकता’ म्हणजे पुरा, निःशेष. पण प्रयोजक रूप केले की अर्थ पालटतो. मराठीत कर चुकविणारा माणूस कर बुडविणारा असतो. हिंदीत ‘कर्ज चुकाना’ म्हणजे कर्ज फेडणे. हिंदीवरून घाईने भाषांतरित केलेल्या मजकुरात ‘वेळेवर कर्ज चुकवा’ असा उपदेश अलीकडे वाचायला मिळतो. पतसंस्थांनी असा उपदेश करू नये, एवढेच सुचवितो. त्याच वाटेने ‘किंमत चुकविणे’ही मराठीत घुसले आहे, मराठीत किंमत मोजतात. मोजणे हे रोखीचे क्रियापद आहे, त्यात नाण्यांचा आवाज आहे.

आणि कोकणी? घरात आपण सर्वजण कोकणी बोलतो, म्हणून हा शब्द वगळला तर आपण मला क्षमा करणार नाही. दुकानात पैसे ‘फारीक’ करतात. फारीक मूळचा अरबी ‘फारिग’. म्हणजे मोकळा, रिकामा झालेला. तोच शब्द मराठीत ‘फारकत’ होऊन आला आहे. पोर्तुगीजांच्या आधी या मुलखावर आदिलशाही होती, तिच्या दरबारी भाषेची ही खूण. पैसे फारीक करणे आणि नवराबायकोने फारकत घेणे यांत एकच कल्पना आहे : आता तू मोकळा, मीही मोकळा.

हे सगळे शब्द शेजारीशेजारी ठेवले की त्यांत दोन कुळे दिसू लागतात. फेडणे, फारीक करणे, चुकते करणे, लॅटिनचे शांत करणे ही मोकळे करणाऱ्या शब्दांची मंडळी. दुसरीकडे भृति, मीठ, अन्न, पोटगी ही बांधून ठेवणारी. पहिल्या कुळातील शब्द उच्चारला की व्यवहार संपतो. दुसऱ्या कुळातील शब्द उच्चारला की तो सुरू राहतो, आणि देणारा उपकारकर्ता ठरतो. कोणत्या कामाच्या मोबदल्याला कोणता शब्द लावायचा हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती ते नातेही असते. या भूमीच्या गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासाकडे मी याच दृष्टीने पाहतो.

डिचोली, सत्तरी, पेडणे हे आपले महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत पोर्तुगीज अंमल तोवर दोन-अडीचशे वर्षे मुरला होता. नव्या काबिजादींत जुनी गावरहाटी टिकली, देवळांची व्यवस्था टिकली आणि मराठी दप्तरही टिकले. या रहाटीत रोख मोबदला फार थोड्यांना होता. गावकारीतील गावकाराला ‘जोण’ मिळे. तो त्याचा जन्मसिद्ध हिस्सा, मजुरी नव्हे. देवळातील वाजंत्री, भाविणी, न्हावी, मडवळ, सुतार यांना सेवेबद्दल ‘नमशी’ जमिनीचे उत्पन्न किंवा सुगीतले धान्य. मुंडकाराला भाटकाराच्या जमिनीत घर बांधायला जागा. त्याबदली राखण आणि हाकेला ओ. या सगळ्यांत नाते आधी आणि मोबदला मागाहून होता. त्यात ऊब होती असे सांगणारे आजही भेटतात. असेल; पण ती ऊब वरून खाली जाणारी होती. शिवाय रहाटीच्या कडेला वेठ आणि बिगार उभीच होती. संस्कृत विष्टीची झाली वेठ, आणि फारसीतून आली बिगार. बिनमोबदल्याचे सक्तीचे काम असा तिचा अर्थ. पगार आणि बिगार यांचे यमक जुळते हा योगायोग, पण फार बोलका योगायोग आहे. काळाने या शब्दाची आणखी एक थट्टा केली. आज ‘बिगारी’ म्हणजे बांधकामावरचा रोजंदार. त्याला संध्याकाळी पैसे मिळतात. शब्दाने आपला अर्थ टाकला आणि रोज घेतला.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या पेशाचीही हीच कथा. पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडे मराठी शिकविणाऱ्याला ‘शणैमाम’ म्हणत. शाळा भरे ती देवळाच्या ओवरीत, अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या सोप्यावर. मुलांच्या घरून तांदूळ, नारळ, भाजीपाला, सणाला काही पैसे, पाळीपाळीने जेवण. त्यांनीच मराठी जगविली, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. पण त्यांच्या पोटाची व्यवस्था यजमानाच्या मर्जीवर होती, हेही सांगितले पाहिजे. ज्या घरी जेवायचे, त्या घरच्या मुलाला छडी मारणे सोपे नसते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शणैमाम मास्तर झाला, आणि त्याला पगार सुरू झाला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही. पण मास्तरचा पगार हीदेखील त्याच काळातील एक क्रांती होती आणि तिची नोंद मात्र कोणी फारशी घेतली नाही. पाटलाच्या आणि मजुराच्या मुलाला एकाच बाकावर बसविण्याचे धैर्य मास्तरांच्या अंगी कोठून आले, याचे उत्तर काही अंशी पहिल्या तारखेत आहे.

खाणींचे प्रकरण याच्या थोडे आधी सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, जपानच्या पोलाद-कारखान्यांना गोव्याचे लोहखनिज हवे झाले आणि डिचोली महालातील डोंगर उकरले जाऊ लागले. आरंभीच्या त्या वर्षांत यंत्रे थोडी होती. बायका डोक्यावरून खनिजाची घमेली वाहत. घमेले हाही पोर्तुगीज शब्द, ‘गामेला’. तिकडे त्याचा अर्थ लाकडी परात. म्हणजे डोक्यावर पोर्तुगीज शब्द आणि आठवड्याच्या शेवटी हातात पोर्तुगीज शब्द. कष्ट भयंकर होते, पैसे थोडे होते. डोंगराची आणि झऱ्यांची जी हानी झाली तिची भरपाई कोणी भरून पावलेले नाही. हे सर्व खरे धरूनही मला एक गोष्ट नाकारता येत नाही. भाटकाराच्या अंगणात उभे राहून सुगीची वाट पाहणाऱ्या घरांतील बाईच्या पदराला पहिल्यांदा अशी नाणी बांधली गेली, की जी तिची होती आणि ज्यांसाठी तिला कोणाला दुवा द्यायचा नव्हता.

पुढे टिपर आले, बार्ज आल्या, कर्जे आली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबविले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. नंतर ते पुन्हा सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्च २०१८ पासून पुन्हा थांबले. त्या काळात या भागात दोन वाक्ये एकत्र ऐकू येत : पगार थांबला, हप्ता थांबला नाही. मोकळे करणारा शब्द गेला आणि भरायचा शब्द मागे राहिला. २०२२ च्या अखेरीस डिचोलीच्या खनिज पट्ट्याचा लिलाव झाला. लिलाव म्हणजे पोर्तुगीज ‘लेइलांव’. साडेचारशे वर्षे राज्य करून गेलेल्यांनी आमच्या डोंगरासाठी, घमेल्यासाठी, मजुरीसाठी आणि विक्रीसाठीही शब्द मागे ठेवले आहेत.

पगाराला देशोधडीला लावण्याचे प्रयत्नही झाले. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत परकीय शब्द वर्ज्य करण्याची एक परंपरा मराठीत आहे. माधव जूलियनांसारखा फारसीचा पंडित त्यात सामील झाला, यावरून तिचे बळ कळावे. तिच्यामुळे मराठीला कितीतरी सुंदर शब्द मिळाले, हे मी मानतो. ‘वेतन’ हा तिचाच आवडता शब्द. सरकारी आदेशांत तो चांगला शोभतो : वेतनश्रेणी, वेतनवाढ, निवृत्तिवेतन. पण घरी कोणी ‘आज माझे वेतन झाले’ म्हणत नाही. परकीय म्हणून पगार टाकावा, हा आग्रह मला कधीच पटला नाही. तीनचारशे वर्षे ज्याने आपल्या चुली पेटविल्या, त्याला परका म्हणण्यात कृतघ्नपणा आहे. इथे ‘कृतघ्न’ हा बांधणाऱ्या कुळातला शब्द मी जाणूनबुजून वापरतो. काही ऋणे मोकळी करायची नसतात.

मला चिंता आहे ती एका शुद्ध, संस्कृत, सुरेल शब्दाची : मानधन. संस्कृत काव्यात मानधन हे विशेषण आहे. मान हेच ज्याचे धन, असा पुरुष. भारवीने किरातार्जुनीयात दुर्योधनाच्या धनुर्धरांना मानधन म्हटले आहे. आणि ते धनाने सत्कारिलेले होते, असेही तो त्याच श्लोकात सांगतो. दुर्योधनाला एवढे कळत होते, की मानी माणसालाही रोख द्यावे लागते. मराठीत मानधनाचा अर्थ फिरून ‘मानापुरते धन’ असा झाला. व्याख्यात्याला मानधन मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे पोट व्याख्यानावर नसते. पण २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सेविकांच्या मोबदल्याला मानधन असे नाव पडले. त्या रोज काम करतात. मुलांना खाऊ घालतात, वजने घेतात, नोंदी ठेवतात, गरोदर बायकांच्या घरी जातात. ते काम ‘मानद’ ठरले, म्हणून तो पगार नव्हे. पगार नव्हे, म्हणून त्या कर्मचारी नव्हेत. कर्मचारी नव्हेत, म्हणून निवृत्तीनंतरचे हक्क नव्हेत. एका सुंदर सामासिक शब्दाने एवढी मोठी रक्कम वाचविल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ज्याला मोबदला द्यायचा नाही त्याला मान द्यावा, ही युक्ती जुनीच. नमशीच्या काळातही ती होती.

गुजरातमधील सेविकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू केला, आणि मानधन म्हणून जे दिले जाते तेही त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे सांगितले. निकाल इंग्रजीत आहे आणि त्यातील वाद दोन इंग्रजी शब्दांचा आहे. तरी मला तो वाचताना बंदरावरच्या त्या अनाम हमालाची आठवण झाली, ज्याने साहेबाचे क्रियापद ऐकून त्याचे नाम केले आणि देणाऱ्याची क्रिया आपल्या मालकीची वस्तू करून घरी नेली. न्यायालयाला जे सांगायला अनेक पाने लागली, ते त्याने व्याकरणात केले होते.

सरकारी कागदांवर शब्द अजून मानधन हाच आहे. सेविका मात्र महिना उलटला की एकमेकींना ‘पगार झाला?’ असेच विचारतात.